सुकाणूवरचा पहारा

मोढवा गावाची वाट अर्धी सरली तेव्हा रतनबेननं चपला हातात घेतल्या. "देवशीभाई, वरातीला निघालात की मयताला? आणि रिक्षा सोडून ही वाळू तुडवायची हौस कुणाची?"

देवशी खारवा हसला नाही. मोठ्या भावाच्या बायकोला एरवी तो उलट चिडवायचा. आज ती दोघं तिच्याच माहेरी, तिच्या भावाकडे, मुळजीकडे निघाली होती.

"भाभी, मुळजी अजून रात्री उठतो?"

"रोज दोन वाजता. पहाटेपर्यंत उंबऱ्यात बसतो. पहाऱ्यावर झोपल्याचं खूळ डोक्यातून जात नाही त्याच्या."

"तो झोपला नव्हता पहाऱ्यावर. मी त्याला उठवलंच नव्हतं."

अकरा वर्षांपूर्वी गलबत ओमानमधल्या सलालाहून कच्छच्या मांडवी बंदराला परतत होतं. देवशी आणि मुळजी आळीपाळीनं सुकाणू धरत; मुळजीची पाळी रात्री दोनला लागायची. पुढच्याला नुसती हाक मारून भागत नाही. उठवून बसवायचं, पाणी पाजायचं, सुकाणू त्याच्या मुठीत द्यायचं, मगच आपण आडवं व्हायचं. पण दोन दिवस गळतीचं पाणी उपसून मुळजी मेल्यासारखा पडला होता. देवशीला दया आली. झोपू दे तासभर, म्हणून त्यानं सुकाणू दोरीनं बांधलं, जरा टेकला आणि त्याचाच डोळा लागला.

ओखा बंदराजवळ गलबत खडकावर चढलं. धक्क्यानं जागा झालेला मुळजी आधी सुकाणूकडे धावला. नाखवा, म्हणजे गलबताचा कप्तान, आला तेव्हा तोच तिथे उभा. "पहारा माझाच होता," तो म्हणाला. "यानं उठवलं असेल, मीच पुन्हा झोपलो असेन."

देवशी शेजारीच होता. बोलला नाही. माणसं वाचली, पण मुळजीला पुन्हा कुणी गलबतावर घेतलं नाही. देवशी सुकाणू धरत राहिला.

हे सगळं ऐकून रतनबेन थांबली होती. "दया केलीत, ती देवाला कळली असेल. पण अकरा वर्षं? दर्यालाल देवाला नारळ वाहताना लाज नाही वाटली?"

"वाटायची. तरी वाहायचो."

ती पुढे चालू लागली. झोपड्या दिसल्या. सावलीत जाळं विणत बसलेल्या मुळजीनं लांबूनच हात वर केला. देवशी जागीच थांबला.

"भाभी, मी सांगायला लागलो की तो 'जाऊ दे रे' म्हणेल. सवयच आहे त्याची. नाखव्यासमोर मी गप्प उभा राहिलो, इथपर्यंत सगळं माझं सांगून होईपर्यंत तुम्ही त्याला तसं म्हणू देऊ नका."