पलंगपोस आणि वन्संचे आकडे

आमच्या वन्सं म्हणजे घरातलं चालतंबोलतं तपासणी पथक. आयुष्यभर शाळेत रसायनशास्त्र शिकवलं, निवृत्त झाल्या आणि भावाकडे, म्हणजे आमच्याकडे, राहायला आल्या. खाली आमची लॉन्ड्री, वर घर. सकाळचा चहा झाला की या जिना उतरून खाली हजर. हौदाचं झाकण उचल, साबणाच्या डब्यावरचं बारीक अक्षर वाच, इस्त्रीवाल्याला विचार, "इस्त्री किती अंशांवर तापते रे?" तो बिचारा म्हणायचा, "ताई, चटका बसतो एवढं माहीत आहे." त्या तोंडावर बोलणाऱ्या, मीही काही कमी नाही, त्यामुळे आमचं रोज वाजायचं. शेवटी आमच्या ह्यांनी सांगून टाकलं, "तू वरच बस बाई. धंद्यात पुस्तक चालत नाही."  त्या दिवसापासून वन्सं खाली यायच्या बंद झाल्या.

आणि मग तो पलंगपोस आला. कोपऱ्यावर कपडे शिवणाऱ्या एक बाई आहेत, आम्ही त्यांना शिवणबाईच म्हणतो, त्यांचा. पांढऱ्यावर पांढरं भरतकाम, त्यांच्या आईनं हातात जोर होता तेव्हा केलेलं. आता ती माउली अंथरुणाला खिळली होती आणि तिनं तोच अंगाखाली मागितला होता. "जपून हं," शिवणबाई म्हणाल्या, "आईचे फार दिवस उरलेले नाहीत."

नळाचं पाणी पुरत नाही म्हणून आम्ही नुकतीच बोअर मारली होती. पाणी कसं नितळ! ह्यांनी त्यात पलंगपोस भिजवला आणि थोडं ब्लीच टाकलं. बघता बघता तो पिवळा पडला. ह्यांना वाटलं, मळ सुटतोय. आणखी ओतलं, तर गंजासारखा तांबडा! तिसऱ्यांदा ओतणार तेवढ्यात मी बाटलीच ओढून घेतली. हे मटकन खाली बसले. इतक्या वर्षांत कुणाचा साधा रुमाल बिघडवला नव्हता ह्या माणसानं. "बंद करतो दुकान," म्हणाले. "काय तोंड दाखवू त्या म्हातारीला?"  मी म्हटलं, भांडणं गेली चुलीत, आणि जिन्याखालून ओरडले, "वन्सं, धावा हो!"

वन्सं आल्या, हौदाचा वास घेतला आणि खडू मागितला. अगं बाई, इथे घरात आग लागलीय आणि यांना खडू! फरशीवर लिहिलं, 'लोह, अधिक दोन.'

"बोअरच्या पाण्यात लोह विरघळलेलं असतं, म्हणून दिसत नाही. तेव्हा त्याचा ऑक्सिडीकरण अंक अधिक दोन. ब्लीचमधला क्लोरीन असतो अधिक एकवर. तो इलेक्ट्रॉन ओढून घेतो आणि उणे एकवर उतरतो. लोहाचा इलेक्ट्रॉन गेला की ते अधिक तीनवर चढतं. मग ते विरघळून राहत नाही, गंज होऊन कापडावर बसतं."

"गेला म्हणता आणि आकडा वाढला? उलटीच तुमची गणितं," मी म्हटलं.

"इलेक्ट्रॉन उणे असतो, वहिनी. उणं बाहेर गेलं की आकडा चढणारच. क्लोरीन दोनानं उतरला, म्हणजे लोहाचे दोन अणू एकेकानं चढले. कुणी उतरल्याशिवाय कुणी चढत नाही. दादा, तू ब्लीच ओतून लोह वर चढवत बसलास."

ह्यांनी मान वर केली. "मग खाली कसं आणायचं?"

बहिणीला असं काही विचारण्याची ह्यांची पहिलीच वेळ. वन्संचा चेहरा असा काही खुलला म्हणता!

"इलेक्ट्रॉन देणारं काहीतरी हवं. औषधाच्या दुकानातून क जीवनसत्त्वाची पावडर आण. पण आधी ब्लीचचा वास पार जाईपर्यंत नळाच्या पाण्यानं खळबळा. ब्लीच राहिलं तर पावडर त्याच्यावरच खर्ची पडेल. शिवाय आंबट आणि ब्लीच एकत्र आले की विषारी वायू सुटतो."

खळबळून खळबळून माझे हात गळाले. मग नळाचं कोमट पाणी, त्यात पावडर, त्यात पलंगपोस. तिघंही हौदात बघत उभे. आधी काही म्हणजे काही होईना. मी मनातल्या मनात वन्संना चार शिव्या घालून घेतल्या. मग एका फुलाची पाकळी उजळली. मग शेजारची. तांबडं विरघळून पाण्यात जायला लागलं. "आलं!" वन्सं लहान पोरीसारख्या ओरडल्या, "आलं खाली अधिक दोनवर!" हे चक्क रडायला लागले, आणि मी ओल्या हातांनी वन्संना मिठी मारली. इतकं हलकं मला कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी शिवणबाई आल्या त्या तणतणतच. "एवढासा एक पलंगपोस, त्याला इतका वेळ? आई सारखी विचारतेय." पांढराशुभ्र पलंगपोस पुढ्यात होता, त्यांना काही कळलंही नसतं. मी ह्यांना कोपरानं ढोसलं, गप्प बसा म्हणून. पण हा माणूस कसला गप्प बसतोय! "बाई, काल हा मी घालवला होता. माझ्या बहिणीनं परत आणला."

शिवणबाईंनी पलंगपोस उलगडला, भरतकामावरून बोट फिरवत एकेक फूल बघितलं. मग वन्संकडे वळल्या. "चला माझ्याबरोबर," म्हणाल्या. "तुमच्याच हातानं घाला आईखाली."

आमच्या वन्सं पलंगपोस छातीशी धरून, चपलासुद्धा न घालता, त्यांच्यामागून निघाल्या.