रुमालाबाहेरची बोटं

पोरी, माझं शुद्धलेखन चुकतं आणि अक्षर तर विचारू नकोस, तेवढं पोटात घाल. चौथीपर्यंतच शिकले. पण हे तोंडाने सांगणं मला कधीच जमलं नसतं. वाचून झालं की वही पेटीत ठेव.

तू तेव्हा तिसरीत होतीस. सिन्नर रस्त्याकडच्या आपल्या जमिनीच्या तुकड्यात शेवंती होती. विहिरीची मोटार जळाली म्हणून नाशिकच्या फुलबाजारातल्या दलालाकडून पाच हजारांची उचल घेतली. उचल फिटेपर्यंत फुलं त्याच्याच गाळ्यावर घालायची, असा रिवाज. तुझे बाबा कारखान्यात पाळीवर असायचे, म्हणून फुलांची पाटी घेऊन मी जायची.

दलाल दिसायला भला, गळ्यात तुळशीची माळ. पण विक्रीची पट्टी, म्हणजे वजन-भावाची चिठ्ठी, लिहून देताना आजूबाजूच्यांची पाठ फिरली की तो माझ्याकडे बघून हाताने एक घाण खूण करायचा. कोणती, ते इथेही लिहिणार नाही. अंगाला हात लावला नाही, तोंडातून शब्द काढला नाही. मग घरी सांगणार काय? एसटीत बसले की वाटायचं, आज गाडी वाटेतच बंद पडावी.

एकदा तुझ्या मोठ्या काकू सोबत आल्या आणि त्यांनी ते पाहिलं.

"कुणाला दाखवतो रे मेल्या? घरात लेकीबाळी नाय का?" त्या ओरडल्या. सगळा बाजार गोळा झाला. मला जमिनीत शिरावंसं वाटलं. त्यांनी माझं मनगट धरलं ते थेट पोलीस चौकीत सोडलं.

हवालदार हसला. "हात लावला का? नाय. शिवी दिली? नाय. मग गुन्हा कशाचा लिहू, बाई?"

आतले साहेब बाहेर आले. म्हणाले, "बाईची लाज काढायला केली असेल, तर नुसत्या खुणेचाही गुन्हा होतो. बोलवा त्याला."

दलाल आला तो हात जोडूनच. "साहेब, मी भाव दाखवत होतो. आमच्यात बोटांवरच सौदा होतो. या अडाणी बाईला काय कळणार?"

हवालदाराने मान डोलावली, पेनाला टोपण लावलं. ते टोपण बघून मी हादरले. आता हा सुटला, तर उद्या पाटी घेऊन मला याच्याच समोर उभं राहायचं होतं.

"साहेब," मी म्हणाले. आवाज माझा मलाच ऐकू येत नव्हता. "माझे वडील बैलबाजारात दलाली करायचे. भावाची बोटं रुमालाखाली धरतात, दुसऱ्याच्या हातात हात घालून. चारचौघांना भाव कळू नये म्हणून. यांचा रुमाल खांद्यावर होता. आणि बाईशी असा सौदा कोणी करत नाही. माझ्या फुलांचा भाव पट्टीवर लिहिलेला असतो."

साहेब त्याच्याकडे वळले. "काय शेठ, रुमाल कुठं होता?"

त्याचा हात खांद्यावरच्या रुमालाकडे गेला. मग साहेब मला म्हणाले, "ताई, खूण कोणती ते लिहावं लागेल. एकदा करून दाखवा."

मी भिंतीकडे तोंड केलं आणि हात वर केला. एकदाच. तक्रारीवर सही करताना कागद फाटला.

त्याच संध्याकाळी दलालाचा निरोप आला: आठ दिवसांत उचल आणून टाका. मला थंडी वाजून ताप भरला. एवढे पैसे आणायचे कुठून, आणि आता दुसरा कोणी आपली फुलं घेईल का? तुझे बाबा दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "खरं बोललीस ना? मग शेळ्या विकू." शेळ्या गेल्या, माझ्या कानातलंही गेलं. कोर्टाने त्याला दंड केला, पण ते फार पुढे.

आठव्या दिवशी पैसे आणि फुलांची पाटी घेऊन मीच गेले. नोटा त्याच्या गादीवर ठेवल्या.

"मोजा."

तो मोजत राहिला, मान वर केली नाही. मी पहिल्यांदाच त्याच्या बोटांकडे नजर न हटवता बघत होते. पैसे पुरते भरले. वहीत त्याने 'बाकी नाही' लिहिलं, ते मी दोनदा वाचलं आणि पाटी उचलून दुसऱ्या गाळ्याकडे निघाले.