दातांनी ऐकणारा पेर्देबाय

पेर्देबाय आगा बहिरा आहे हे मुयनाक गावात शेळ्यामेंढ्यांनाही ठाऊक होतं. तरुणपणी तो मासेमारीच्या बोटीवर इंजिन सांभाळायला लागला. बोटीच्या पोटातल्या त्या धडधडाटात उमेदीची वर्षं गेली, आणि त्यांच्याबरोबर आधी उजवा कान, मग डावा. कानांपाठोपाठ समुद्रही गेला. बोटी वाळूत पडून राहिल्या. निम्मं गाव कझाखांकडे कामाला निघून गेलं. पेर्देबाय घरीच राहिला आणि बायकांची शिवणयंत्रं, विहिरीचे पंप, लोक आणून टाकतील ते दुरुस्त करू लागला.

समोर बसून सावकाश बोललं तर ओठांवरून त्याला कळायचं. पाठमोरा असला, की त्याची बायको ताझागुल अपा पाठीत धपाटा घालायची. "आयुष्यभर मारते मला," तो सांगायचा, "आणि लोकांना वाटतं बोलते."

समुद्र मागे हटत हटत फार लांब गेला होता. त्या उरल्यासुरल्या खाऱ्या पाण्यातून बारीक कोळंबीची अंडी गोळा करायला दर शरदात तिथं तंबू पडतात. गावातले बरेच जण जातात. पेर्देबाय कधी गेला नाही. कुणी विचारलं तर म्हणायचा, "तो मला न सांगता गेला. मी कशाला मागं धावू?"

त्या तंबूंवर पिण्याचं पाणी आणि रोट्या पोचवायचं काम माझं. गाडी म्हणजे जुनी रशियन जीप, माझ्या वडिलांची. त्या शरदात तिच्या पुढच्या चाकातून आवाज यायला लागला. आधी कुणीतरी कण्हल्यासारखा, मग वाढत वाढत लांडग्यानं गळा काढावा तसा. गंमत म्हणजे आवाज यायचा तो फक्त आटलेल्या समुद्राच्या तळावर. गावात परतलो की गाडी गप्प. नुकुसच्या कारागिरानं बेअरिंग बदललं, ग्रीस भरलं, मला शेजारी बसवून शहरभर फिरवलं. हूं नाही की चूं नाही. शेवटी तो म्हणाला, "एसेन, चाकाला काही झालेलं नाही रे. तू लग्न कर."

मी परत तळावर उतरलो आणि चाक पुन्हा रडायला लागलं. तिथं वाटेत माणूस नाही, झाड नाही, नुसते शिंपले आणि मीठ. चाक निखळलं तर कोण येणार? आणि तिकडे तंबूत पाण्याची वाट बघत बसलेली माणसं.

तेव्हा मला एक गोष्ट आठवली. एका लग्नात ताझागुल अपा दुतार वाजवत होती. पेर्देबाय तिच्याशेजारी बसून वाद्याच्या लांब दांड्याचं टोक दातांत धरून होता. डोळे मिटलेले. आम्ही पोरं हसत होतो. मग माझं लक्ष त्याच्या पायाकडे गेलं. पाय ठेक्यावर पडत होता, अचूक. तारांवरची तिची बोटं थांबली, तसा पायही थांबला. माझं हसू जागच्या जागी विरलं.

मी त्याच्या दारात जाऊन उभा राहिलो. समोर बसून सगळं सांगितलं.

"गाडीतलं मला काय कळतं?" तो म्हणाला. "मी बोटीचा माणूस."

"तुमच्या इंजिनाला कुठं दुखतंय ते कसं कळायचं मग? कान तर गेले होते."

"दातानं," तो म्हणाला. "पण गाडी इथं रडत नाही म्हणतोस."

"नाही. तळावरच."

त्यानं तोंड दुसरीकडे वळवलं. ताझागुल अपा चहा ओतत होती. तिनं किटली खाली ठेवली आणि घातला एक धपाटा. "समुद्राशी अबोला धरलाय, गाडीशी नाही ना? ऊठ, म्हाताऱ्या. मी पण येते. उरलेले दात वाटेत सांडलेस तर गोळा कोण करणार?"

सकाळी तिघं निघालो. मागं पाण्याची पिंपं, रोट्यांची पोती. पेर्देबायनं मांडीवर तुतीच्या लाकडाची एक काठी धरली होती, एका टोकाला चिंधी गुंडाळलेली. बोटीवरचीच ती.

उतार संपून तळ सुरू झाला तिथं मी नेहमीप्रमाणे गाडी थांबवली. पुढच्या प्रत्येक चाकाच्या मधोमध एक कडी असते. ती आवळली की इंजिनाचा जोर पुढच्या चाकांनाही मिळतो. पक्क्या रस्त्यावर कड्या सैल, मऊ जमिनीवर घट्ट. हे मी इतक्यांदा केलंय, की हात आपोआप चालतात. पेर्देबाय काचेतून माझ्या हातांकडे बघत होता.

कडक मिठाच्या सपाटीवर आलो आणि आवाज सुरू झाला. त्यानं काठीचं एक टोक पायाशी पत्र्यावर टेकवलं, चिंधीचं टोक दातांत धरलं आणि डोळे मिटले. त्याच्या गालाचे स्नायू बारीक थरथरत होते. ताझागुल अपानं श्वाससुद्धा रोखून धरला होता.

"थांब," तो म्हणाला. "मघाशी उतरून काय फिरवलंस?"

"कड्या."

"सोड त्या."

मी सोडल्या. तेवढाच पट्टा परत धावलो. आवाज नाही! पुन्हा आवळल्या, पुन्हा रडणं. मी कपाळावर हात मारला. शहरात कड्या सैल असतात, म्हणून शहरात गाडी गप्प!

"चाक नाही ओरडत," पेर्देबाय म्हणाला. "चाकाच्या आत एक दांडा फिरत असणार, कडी आवळली की फिरणारा. तो ओरडतोय. कुठल्या बाजूचा, ते बघू."

मी उजवं चाक जॅकवर उचललं. तो मिठावर पालथा झोपला, काठी चाकामागच्या लोखंडी गाठीला लावली, टोक दातांत. मला खूण केली. मी चाक हातानं हळू फिरवू लागलो. मला काहीच ऐकू येत नव्हतं. बराच वेळ तो तसाच पडून राहिला आणि मग मान हलवली, इथं नाही. डावं उचललं. पुन्हा तो झोपला, पुन्हा मी फिरवलं. माझ्या चांगल्या दोन कानांना तिथंही फक्त वारा ऐकू येत होता. चाकाचा अर्धा फेराही झाला नसेल, त्याचा हात वर गेला. मी थांबलो. त्यानं बोटानं खूण केली, उलटं फिरव. मग पुन्हा सुलटं. प्रत्येक फेऱ्यात त्याच जागी त्याचं बोट जमिनीवर टकटक करायचं.

"कोरडं आहे," तो तोंडातलं मीठ थुंकत म्हणाला. "लोखंड पितळेला खातंय. एका अंगानं जास्त."

मी चाक काढलं, मागचा पोकळ खुंट सोडवला. दांडा बाहेर ओढला. त्याच्या पोलादावर तापून तापून जांभळा-निळा पट्टा उमटला होता. खुंटाच्या आत बसवलेलं पितळी कडं एका बाजूनं कागदासारखं झिजलेलं, आणि ग्रीसच्या जागी नुसतं मीठ. अजून थोडे दिवस, आणि ते दांड्याला चिकटून चाक जागच्या जागी आवळलं गेलं असतं.

मी पेर्देबायकडे बघत राहिलो. पत्रा, लोखंड, लाकूड, दात, हाड, एवढ्या वाटेनं ही एवढीशी खरखर त्याच्यापर्यंत पोचली होती. आणि त्यानं ती नुसती ऐकली नव्हती, बघितली होती.

"असा काय बघतोस? ग्रीस आण," तो म्हणाला. "आजचा दिवस निघेल. कडं मात्र नवं घाल."

ताझागुल अपा त्याची दाढी डोक्यावरच्या रुमालाच्या टोकानं पुसत होती. "मिठात मुरवलेल्या माशासारखा दिसतोस," ती त्याच्या तोंडासमोर म्हणाली, आणि तिचे डोळे भरून आले होते.

सगळं जोडून झालं. तंबूंची वाट पुढं होती, गावाची मागं. मी विचारलं नाही. पेर्देबायच गाडीत चढला आणि समोर बघत बसला. चाक एकदाही कण्हलं नाही.

पाणी आधी एका पांढऱ्या रेघेसारखं दिसलं, मग करडं, मग सगळीकडे. पेर्देबाय खाली उतरला. तंबूंतली माणसं डबे घेऊन धावत आली होती, पण त्याला बघून थबकली. तो चालत गेला, बूट न काढताच गुडघाभर पाण्यात शिरला आणि टोपी काढून उभा राहिला. वाऱ्यानं त्याचे पांढरे केस उभे झाले होते. कुणी पिंपांना हात लावेना. मी याच पाण्यावर कितीदा आलो होतो, मला कधी टोपी काढावीशी वाटली नव्हती. त्या दिवशी मी काढली.

ताझागुल अपा त्याच्यामागं गेली. तिनं हात उचलला आणि पाठीवर नुसता ठेवला.

तो वळला. आम्हा सगळ्यांवरून त्याची नजर फिरली. "एसेन," तो मोठ्यानं ओरडला, "पुतळा झालास का? उतरव ती पिंपं, लोक तहानलेत!"

तंबूवाल्यांच्या होडीचं इंजिन महिनाभर धड चालत नव्हतं. संध्याकाळी मी निघालो तेव्हा पेर्देबाय त्यावर वाकलेला होता. "आम्ही राहतो इथं थोडे दिवस," ताझागुल अपा मला म्हणाली. "आमच्या शेळीला तेवढं पाणी दाखव."

ती दोघं पहिला बर्फ पडेपर्यंत राहिली. पुढच्या शरदात पेर्देबाय स्वतःच माझ्या दारात आला, खांद्यावर अंथरूण घेऊन.