चार तांतींचा पिंजारी

गल्लीत कोणाचं काय चाललंय ते सुचिताला विचारा, असं आमचे हे चारचौघांत सांगतात. सांगू देत. मलकापुरात माझं ब्लाऊजपीसचं दुकान आणि समोर फकीर मोहम्मद पिंजाऱ्यांचं गाद्या-रजयांचं. मधला रस्ता एवढासा, की दोन रिक्षा समोरासमोर आल्या की भांडण ठरलेलं. मग दिसतं ते दिसतं आणि ऐकू येतं ते येतं.

फकीरचाचांची रुई पिंजायची कमान छताला टांगलेली असायची. माणसापेक्षा लांब, आणि तिला आतड्याची जाड तांत ओढून बसवलेली. लाकडी दस्त्यानं तांत हाणली की ढंग-ढंग आवाज निघायचा आणि रुई मोकळी होऊन उडायची. लग्न होऊन आले तेव्हा त्या आवाजानं माझं डोकं उठायचं. पुढे तो थांबला की चुकल्याचुकल्यासारखं व्हायला लागलं.

चाचांच्या भाऊबंदांत एक रीत होती. त्यांच्यातला कोणी पिंजारी गेला, की बाकीच्यांनी आपापली तांत उतरवायची. त्या दिवशी रुईला हात नाही. सांगावा धाडावा लागत नसे. ढंग-ढंग बंद पडलं की लोक आपसूक विचारत, "कोन गेलं?"

आता एका गिटारवाल्याची गोष्ट. चाचांचा मुलगा जावेद तेव्हा नुकतंच मिसरूड फुटलेला होता आणि दिवसभर टेपवर इंग्रजी धांगडधिंगा लावायचा. एकदा चाचा जेवत होते. घास हातातच राहिला.

"कोनाची तांत हाय बे ही? मस्त कसलेली हाय! कोन्या गावचा पिंजारी?"

जावेद हसत हसत रुईच्या ढिगात लोळला. मीसुद्धा दुकानातून हसले, खोटं कशाला बोलू! टेपवर वाजवणारा होता बर्टी टेलिस, मुंबईच्या एका रॉक बँडमधला. बेस गिटार वाजवायचा, म्हणजे जाड तारांची, खोल आवाजाची. जावेदनं फोटो दाखवला. चाचांनी तारा मोजल्या आणि कपाळाला हात लावला.

"चार तांती! एकट्या मानसाले चार! आन् हात तं पाहा कसे हाय!"

"अब्बा, टेलिस आडनाव हाय त्याचं. पिंजारी नाई तो."

"तेली असो का कोनी असो. हात पिंजाऱ्याचा हाय."

ते डोक्यातून शेवटपर्यंत निघालं नाही. गाणारा किंचाळतो, ढोलवाला कुटतो, पण हा खालून सगळं घर धरून ठेवतो, असं ते मला सांगायचे. गाण्याचा एक शब्द त्यांना कळत नव्हता. तरी टेप लागली की त्याच्या ठेक्यावर दस्ता पडायचा. मला गाण्यातलं काही कळत नाही. पण ते ऐकताना माझ्या अंगावर काटा यायचा. कुठला मुंबईचा तो माणूस, कुठले आमचे चाचा. दोघं एकमेकांना वर्षानुवर्षं साथ करत होते आणि त्यातल्या एकाला पत्ताच नव्हता!

पुढे चाचांचा खांदा गेला. जावेदनं विजेचं पिंजणयंत्र आणलं आणि कमान भिंतीवर गेली. तांत मात्र चाचा तेल लावून ताणलेली ठेवायचे.

परवा सकाळी जावेदची मुलगी मलिहा मोबाईल घेऊन चाचांच्या दुकानात आली. आजोबांना ती दादा म्हणते. "दादा, तुमचा बर्टी गेला."

चाचा उठले. स्टुलावर चढले, कमान खाली घेतली आणि तांत सोडून गुंडाळून ठेवली. मग म्हणाले, "जावेद, आज मशीन बंद."

बापलेक घरात उर्दू बोलतात, दुकानात सरमिसळ, पण भांडायचं झालं की वऱ्हाडीवरच उतरतात, म्हणजे गल्लीला नीट समजावं.

"अब्बा, मंगल कार्यालयाच्या गाद्या आज द्याच्या हाय. कोन लागते तो आपला?"

"धंद्यातला व्हता."

"गिटार वाजवत व्हता तो! रुई नाई पिंजत व्हता!"

चाचा थोडा वेळ कमानीवरून हात फिरवत राहिले. "तुह्या मोठ्या अब्बाच्या, माह्या सख्ख्या भावाच्या मयतीच्या दिवशीबी मशीन चालूच व्हती," ते हळू आवाजात म्हणाले. "माह्या दिवशीबी चालूच राहीन. फकीर पिंजारी गेला, हे गावाले समजीन कसं?"

जावेदनं बटण दाबलं. मशीनची घरघर सुरू झाली. मला असा संताप आला, की गिऱ्हाइकानं लाल मागितलं तर मी हिरवं फाडून दिलं. चाचा ओट्यावर जाऊन बसले, मशीनकडे पाठ करून.

दुपारी घरघर थांबली. मला वाटलं, गेली वीज. नेहमीचंच आहे. मग वर पाहिलं तर माझा पंखा गरगर फिरत होता.

मी माप टाकून रस्ता ओलांडला. जावेद फोनवर बोलत होता. "गाद्या उद्या भेटतीन, साहेब. मयत झाली आमच्यात... नाई, घरचं नाई. धंद्यातला मानूस व्हता."

मशीनचा पट्टा त्यानं काढला होता आणि भिंतीवर कमानीच्या खुंटीला अडकवला होता. बापाकडे न बघता तो म्हणाला, "तांत तं नाई ना हिले. पट्टाच उतरवला."

इतक्यात पलीकडच्या किराणावाल्यानं मान बाहेर काढली. "काऊन हो चाचा, कोन गेलं?"

जावेदच म्हणाला, "एक पिंजारी व्हता. मुंबईचा."

मला रडू आवरलं नाही, आणि का आवरावं? चाचा उठले, खुंटीजवळ गेले आणि पट्ट्यावर हात ठेवला. तांतीवर ठेवायचे तसाच.

"उद्या चढवजो," ते म्हणाले. "आन् माह्या वक्ती एकच दिवस, बरं का. दोन नको. लोकायच्या गाद्या खोळंबते."