तिसरी नळी

अशोक घाडी डिचोलीला आले ते शहाऐंशी साली, खानापूर तालुक्यातल्या एका लहान गावातून. तेव्हा ते वीस वर्षांचे होते. चुलतभाऊ खाणीवर ट्रक चालवायचा, त्याने बोलावून घेतलं. पहिलं वर्ष पाट्या उचलण्यात गेलं. मग बोअरच्या यंत्रावरचा एक माणूस कावीळ होऊन गावी गेला आणि त्याच्या जागी अशोकना उभं केलं. तो माणूस परत आला नाही. अशोक त्या यंत्रावर पंचवीस वर्षं राहिले.

खाण खणायच्या आधी खाली काय आहे ते बघावं लागतं. पोकळ नळी जमिनीत घालत जायची, नळीत अडकून दगडमातीचा जो दांडा वर येतो तो लाकडी पेटीत ओळीने मांडायचा. या दांड्याला कोअर म्हणतात. भूगर्भशास्त्रवाले साहेब मागाहून येऊन ती पेटी वाचतात. त्यांना जमीन दिसत नाही, फक्त पेटी दिसते. त्यामुळे वरचं वर आणि खालचं खाली राहणं ही मांडणाऱ्याची जबाबदारी. अशोक दर तुकड्यावर खडूने बाण काढायचे, शंका आली तर तुकडा बाजूला ठेवून वहीत तसं लिहायचे. पुढेपुढे त्यांच्या पेट्या कुणी तपासेनासं झालं. या गोष्टीचा त्यांना अभिमान होता, पण तो ते बोलून दाखवत नसत.

दोन हजार बारा साली खाणी बंद झाल्या. अशोक पाण्याच्या बोअरवेल मारणाऱ्या एका ठेकेदाराकडे लागले. बायको हौसा अंगणवाडीत मदतनीस होती. दोन्ही मुली लग्न होऊन बेळगावकडे गेल्या होत्या. घर भाड्याचं, पण तीस वर्षं तेच, त्यामुळे शेजारीपाजारी त्यांना डिचोलीचेच समजत.

बावीस सालच्या फेब्रुवारीत त्यांच्या दारात एक बाई येऊन उभी राहिली. डॉक्टर सुविधा परब. मूळची पेडण्याची, पणजीजवळच्या एका प्रयोगशाळेत काम करणारी. तिला कुणीतरी सांगितलं होतं की डिचोलीत कोअर काढणारा एक जुना माणूस आहे.

हौसाने चहा आणि पोदेराच्या भट्टीतले उंडे, गोल पाव, पुढे ठेवले. सुविधाने उंडा चहात बुडवत काम सांगितलं. हरमलच्या आतल्या अंगाला, दोन टेकड्यांच्या बेचक्यात एक पाणथळ तळी होती. तिचा चिखल सहा मीटर खोलपर्यंत काढायचा होता.

"चिखल कशाला?" अशोकनी विचारलं.

"झाड मरतं, कुजतं. पण फुलातल्या परागकणाचं कवच कुजत नाही. चिखलात हजारो वर्षं तसंच राहतं. कुठल्या थरात कुठल्या झाडाचे पराग आहेत ते सूक्ष्मदर्शकाखाली मोजलं की त्या काळात तिथं काय उगवत होतं ते कळतं. खाडीकाठच्या कांदळाचे पराग पुष्कळ असले तर तिथं खारं पाणी होतं. गवताचे, भाताचे आले तर पाणी गोडं झालं, माणसं शेती करायला लागली. काजूचा पराग वरच्या थरातच मिळणार, कारण काजू पोर्तुगीजांनी आणला."

"दगडापेक्षा चिखल अवघड," ते म्हणाले. "दगड आकार सोडत नाही. पण जमेल."

एप्रिलमध्ये काम सुरू झालं. अशोकनी आठ रिकामी पिंपं बांधून तराफा केला, त्यावर तिकाटणं उभं करून साखळीची कप्पी लावली. मीटर-मीटर लांबीच्या प्लास्टिकच्या सहा नळ्या होत्या. एक नळी दाबून खाली घालायची, वर ओढायची, दोन्ही तोंडांना टोपणं बसवायची, वरच्या दिशेचा बाण मार्करने काढायचा, नंबर टाकायचा. मग त्याच भोकात पुढची नळी आणखी खोल. सुविधाची विद्यार्थिनी गौरवी नोंदी घेत होती. या चिखलावर तिचा प्रबंध व्हायचा होता.

पहिल्या दोन नळ्या सरळ निघाल्या. तिसरी वर काढून टोपणं बसवली, बाण काढला, तेवढ्यात गौरवीला उन्हाने चक्कर आली. तिला ओकारी झाली आणि ती तराफ्यावरच आडवी झाली. सुविधा तिच्याकडे धावली, तराफा कलला, आणि अशोकच्या हातातून नळी सुटून आडवी आपटली. खालचं टोपण निघालं, चिखल गळायला लागला. अशोकनी तळहाताने तोंड दाबून धरलं, दुसऱ्या हाताने नवं टोपण बसवलं, नळी कडेला ठेवली आणि गौरवीला काठावर उतरवायला मदत केली. तिला झावळ्यांच्या सावलीत झोपवून, पाणी पाजून ते तराफ्यावर परतले तोवर वीस मिनिटं गेली होती. चिखलाने नळीवरचा बाण पुसून गेला होता.

त्यांनी नळीची दोन्ही टोकं पाहिली आणि बाण पुन्हा काढला. आपल्याला माहीत आहे, असं त्यांना त्या क्षणी वाटलं. नोंद घेणारी आजारी होती, म्हणून नोंद झाली नाही. तीन दिवसांत उरलेल्या नळ्याही निघाल्या आणि सगळं पणजीला गेलं.

पुढे सव्वा वर्ष काही कळलं नाही. तेवीसच्या ऑगस्टमध्ये सुविधा आणि गौरवी पेढे घेऊन घरी आल्या. गौरवीने मेजावर एक लांब कागद पसरला. त्यावर उभा आलेख होता, तळाशी जुना काळ, माथ्याला आजचा. एक काळी रेघ कांदळाच्या परागांची होती.

"हे बघा," गौरवी म्हणाली. "तळाशी कांदळ भरपूर. म्हणजे समुद्र आत होता. मग इथं कांदळ एकदम कमी, गवत जास्त. समुद्र हटला. पण नंतर कांदळ पुन्हा वाढत जातं. समुद्र परत आला. आणि मग पुन्हा एकदम कमी, ते कायमचं. समुद्र गेला, परतला आणि परत गेला. असं या किनाऱ्यावर आजवर कुणी दाखवलेलं नाही."

"तीन आठवड्यांनी मी हे पुण्याच्या परिषदेत मांडणार आहे," सुविधा म्हणाली. "आभारात तुमचं नाव घातलंय, अशोकबाब."

अशोक चष्मा लावून आलेखावर वाकले. काळी रेघ दोन ठिकाणी एकदम तुटल्यासारखी उडी मारत होती. "ही खालची उडी किती खोलीवर?"

"तीन मीटर."

"आणि वरची?"

"दोन मीटर."

त्यांनी चष्मा काढून खिशात घातला. दोन मीटर ते तीन मीटर म्हणजे तिसरी नळी, नेमकी टोकापासून टोकापर्यंत. खाणीवर असताना माती पेटीच्या काठावरच बदललेली दिसली की साहेब लोक जमिनीच्या आधी पेटीवर संशय घ्यायचे. दोघी कागद तिथेच ठेवून गेल्या, तेव्हा त्यांनी तो पुन्हा पाहिला. तिसऱ्या नळीपुरता आलेख मनातल्या मनात उलटा केला. दोन्ही उड्या नाहीशा झाल्या. रेघ तळापासून माथ्यापर्यंत हळूहळू उतरत गेली.

दोन दिवस त्यांचं जेवणात लक्ष नव्हतं. तिसऱ्या दिवशी सकाळी हौसाने विचारलं तेव्हा त्यांनी सगळं सांगितलं.

"त्यांना आपणहून कळणार आहे का?" हौसा म्हणाली.

"नाही बहुतेक. त्यांना हवं तेच निघालंय त्यातून."

"आणि तुम्ही सांगितलंत तर त्या पोरीचं काय होईल?"

"वर्ष जाईल तिचं. जास्तही जाईल."

हौसाने तांदूळ निवडायचे थांबवले. "तुमची खात्री आहे का, की चुकलंच?"

"तीच तर नाही. खात्री असती तर पहिल्या दिवशीच बोललो असतो."

"मग तसंच सांगा. खात्री नाही म्हणून सांगा," ती म्हणाली आणि पुन्हा तांदळाकडे वळली.

त्यांनी त्याच दिवशी पणजीची बस धरली. प्रयोगशाळेत ते पहिल्यांदाच जात होते. सुविधाने त्यांना खुर्ची दिली, पाणी मागवलं. अशोकनी बसायच्या आतच सांगून टाकलं: नळी पडली, बाण पुसला, मी तो अंदाजाने पुन्हा काढला, आणि तुम्हाला बोललो नाही.

सुविधाने आलेख पुढ्यात ओढला. "हे तेव्हाच का सांगितलं नाहीत?"

"मला वाटलं मी चुकणार नाही."

"सव्वा वर्ष, अशोकबाब. त्या मुलीने त्या एका नळीतले पंचवीस हजार पराग मोजलेत."

गौरवी दारात उभी राहून ऐकत होती. ती आत गेली आणि शीतगृहातून तिसऱ्या नळीचा राखून ठेवलेला अर्धा भाग घेऊन आली. नळ्या उभ्या चिरून एक अर्धा तपासायला आणि एक तसाच ठेवायचा, अशी तिथली पद्धत होती. तिने तो टेबलावर ठेवला. शेजारी दुसऱ्या आणि चौथ्या नळीचे अर्धे ठेवले.

अशोक वाकून बघू लागले. चिखलात मधूनमधून बारीक वाळूचे पट्टे होते. "पुराचं पाणी येतं तेव्हा जड वाळू आधी बसते, बारीक गाळ मागाहून वर बसतो," ते म्हणाले. "खाणीच्या गाळाच्या तळ्यात रोज बघायचो मी. या दुसऱ्या नळीत प्रत्येक पट्ट्यात वाळू खाली आहे, गाळ वर. चौथीतही तसंच. तिसरीत बघा."

तिसऱ्या नळीतल्या पाचही पट्ट्यांत वाळू वर होती आणि गाळ खाली.

सुविधाने भिंग घेऊन पाचही पट्टे पाहिले, मग पुन्हा पाहिले. "हे मला दिसायला हवं होतं," ती हळू म्हणाली. पण तिचा राग गेला नव्हता. तिने अशोकना जेवून जा असंही म्हटलं नाही.

परिषदेतून तिने निबंध मागे घेतला. नळीच्या दोन टोकांचे नमुने वय काढायला पाठवले. आधी मधलाच एक नमुना पाठवला होता आणि मध्य उलटा केला तरी मध्यच राहतो, म्हणून चूक सापडली नव्हती. डिसेंबरात उत्तर आलं: वरचं म्हणून लिहिलेलं टोक खालच्यापेक्षा सुमारे चारशे वर्षांनी जुनं निघालं. ही बातमी अशोकना फोनवर गौरवीने दिली. सुविधाचा फोन आला नाही. त्या महिन्यांत अशोक फारसे कुणाशी बोलत नसत. ठेकेदाराकडे काम करतानाही बोअरमधून निघालेली माती ते पुन्हापुन्हा बघत राहत. हौसाला ते आवडत नव्हतं, पण तिने टोकलं नाही.

फेब्रुवारीत सुविधा पुन्हा डिचोलीला आली. या खेपेला पेढे नव्हते.

"एका कोअरवर आता कुणी विश्वास ठेवणार नाही," ती म्हणाली. "शेजारीच दुसरी काढायची आहे. काढाल?"

"दुसरा माणूस बघा, बाई. मी नावं देतो."

"दुसरा माणूस चुकला तर मला येऊन सांगेल याची मला खात्री नाही."

अशोक उठून आत गेले आणि कॅलेंडर घेऊन आले. पावसाआधीचे दिवस बघून त्यांनी तारीख ठरवली. या वेळी प्रत्येक नळी पाण्यात घालायच्या आधीच तिच्या वरच्या तोंडाला त्यांनी करवतीने खाच पाडली. गौरवी डोक्याला पंचा बांधून आली होती. तिने दर नळीमागे, नळी पडली का, टोपण निघालं का, याचे रकाने आखले होते.

दुसऱ्या कोअरने तेच सांगितलं जे पहिलीची तिसरी नळी सुलटी केल्यावर दिसत होतं. समुद्र त्या तळीतून एकदाच गेला, शेकडो वर्षं लावून, आणि परतला नाही. त्यात नवं असं काही नव्हतं. पण आता थर सलग वाचता येत असल्यामुळे गौरवीला दुसरी एक गोष्ट दिसली. कांदळ जसजसं कमी होत गेलं, तसतसे कोळशाचे बारीक कण आणि पाठोपाठ भाताच्या जातीचे मोठे पराग येत गेले. खारं पाणी हटत होतं तशी माणसं जमीन जाळून साफ करत मागोमाग खाली उतरत होती. तिचा प्रबंध त्याच्यावर झाला, ठरल्यापेक्षा दीड वर्ष उशिरा.

प्रबंधात एक पान पहिल्या कोअरमधल्या चुकीवर आहे. त्यात तुमचं नाव घालू का, असं गौरवीने विचारलं होतं. अशोकनी घाला म्हणून सांगितलं.

आता ते साठीचे आहेत. ठेकेदाराचं काम सोडलं. सुविधाची माणसं वर्षातून दोनदा बोलावतात. यंदा वाळपईच्या पलीकडे रानातल्या एका पाणथळीवर आठ दिवस राहून आले. गुडघा दुखत होता, म्हणून काठावर टाकलेल्या कदेलीवर, लाकडी खुर्चीवर, बसून काम सांगत होते. हौसाही बरोबर गेली होती. चिखलात तिला एक काळी पडलेली बी सापडली, ती गौरवीने नंबर टाकून डबीत ठेवली आहे. कसली ते अजून ओळखता आलेलं नाही.