भावाच्या मापाचा कागद

कुजबुज अशी होती, की शिंपीकाकांनी मेलेल्या भावाच्या मापाचा कागद पुतणीला लावला आणि त्या कागदानंच पोरीला ओढून नेलं. हे सांगणाऱ्या बायका स्वतःच्या बाह्या आखूड करून घ्यायला त्याच दुकानात यायच्या, ते सोडा.

कागद होता, हे खरं. भाऊ ताडमाड, हात गुडघ्यापर्यंत पोचू पाहणारे. त्याची बाही नेहमीच्या बेतापेक्षा चांगली तीन बोटं लांब लागे, म्हणून काकांनी त्याच्यापुरता वेगळा खाकी कागद कापून ठेवला होता. पुतणी विशीत आली आणि तोच कागद तिलाही चपखल बसला. लांबसडक बोटं, जाड भिंगांचा चष्मा.

"शिडे, तेवढा पंखा पूस गं!" काका म्हणायचे.

"काका, स्वतःसाठी एक स्टूल घ्या की!"

भाऊ बेचाळिसाव्या वर्षी जेवता जेवता कोसळला. हॉस्पिटलातल्या डॉक्टरीणबाईंनी काकांना बाजूला घेतलं.

"हृदयातून निघणारी मोठी रक्तवाहिनी फाटली. शरीर बांधून ठेवणारे धागेच काहींचे जन्मापासून कच्चे असतात. हे पुढच्या पिढीत उतरतं. प्रत्येक मुलाला निम्मी शक्यता. त्यांच्यासारखं उंच, लांब हातांचं घरात कुणी आहे? वेळेत तपासलं तर सांभाळता येतं."

कच्चा धागा म्हणजे काय, हे शिंप्याला कुणी समजावायला नको. पण पुतणीचं लग्न जुळत आलं होतं. मुलाकडच्यांच्या कानावर गेलं तर?

"छे हो बाई, बाकी आम्ही सगळे टीचभर!"

लग्न झोकात झालं. दीड वर्षानं, आठव्या महिन्यात, तिच्या पाठीत फाटल्यासारखी कळ उठली. बाळ वाचलं. ती नाही.

"गोळ्या असतात म्हणे, काका," जावई म्हणाला. "दरवर्षी तपासणी असते. आम्हाला कुणी काही बोललंच नाही."

काका सुईत दोरा ओवत बसले होते. ओवला जाईना.

तीन महिन्यांनी त्यांनी बाळाला उचललं, जावयाला बरोबर घेतलं आणि त्याच डॉक्टरीणबाईंपुढे जाऊन बसले. बाळाच्या मुठीतून लांब बोटं बाहेर आली होती.

"घरात आधी कुणाला असं काही?" बाईंनी विचारलं.

"हिच्या आजोबाला. हिच्या आईला." मग जावयाकडे न बघता काका म्हणाले, "मला माहीत होतं."

कागदानं कुणाला ओढून नेलं नव्हतं. डॉक्टरांनी विचारलं होतं आणि काका खोटं बोलले होते.