चांदीला शिस्त लावणारे साडू

चांदी घालणारे, चांदी मोडणारे, चांदीच्या ताटात जेवणारे लोक पृथ्वीतलावर पुष्कळ असतील. पण चांदीला नीट बसायची शिस्त लावणारा माणूस एकच, आणि तो म्हणजे माझे साडू. बारामतीच्या एका कॉलेजात ते केमिस्ट्री शिकवतात आणि पन्नाशी उलटल्यावर पीएचडी करायला निघालेत. विषय सांगताना त्यांचे डोळे लकाकतात आणि माझे मिटतात. मला कळलं ते एवढंच, की ग्राफिन म्हणजे कार्बनचा एका अणूएवढा पातळ पापुद्रा, त्यावर डोळ्यांना न दिसणारे चांदीचे कण सुटे सुटे बसवायचे, आणि ते बसले तर पाण्यातले जंतू मारता येतात. पण कण कसले ऐकतात! एकमेकांना चिकटून गोळा होतात. वर्गात शुद्ध बोलणारे साडू कणांवर चिडले की थेट आपल्या गावच्या, पिंपळीच्या बोलीवर येतात. "भावकी हाय राव, निस्ती भावकी! येवढं रान मोकळं पडलंय आन् समदे एकाच बांधावर!" लग्नाच्या मांडवातसुद्धा पंख्याखाली गर्दी दिसली की हे ओरडतात, "पसरा, पसरा! पृष्ठभाग वापरा!"

सोमेश्वरनगरच्या साखर कारखान्याकडून येताना माणसं साखर आणतात, हे पोतंभर उसाची चिपाडं आणतात, जाळतात आणि त्याचं ग्राफिन करतात. चांदीच्या द्रावणानं त्यांची बोटं कायम काळी. मी एकदा "बघू बघू" म्हणत द्रावणाची बाटली हाताळली आणि तेच बोट नाकाला लावलं. पुतणीच्या लग्नाच्या अल्बममध्ये माझ्या नाकावर जी तीट आहे, तो त्या संशोधनाला माझा एकमेव हातभार.

गेल्या दिवाळीत आम्ही दोघे वरकुट्याला, सासुरवाडीला होतो. साडूंनी प्रयोगशाळाच सोबत आणली होती: शेगडी, चांदीचे कण पाडायला पेरूच्या पानांचा काढा, बॅटरीत घालतात तसल्या शुद्ध पाण्याचा कॅन. सुट्टी संपताच पुण्याच्या मोठ्या सूक्ष्मदर्शकावर त्यांची पाळी होती, महिनोन्‌महिने वाट बघून मिळालेली. त्याखाली कण सुटे दिसले तर प्रबंध पुरा, नाहीतर निवृत्ती आधी. मागच्या अंगणात त्यांनी उरलंसुरलं सगळं द्रावण पातेल्यात घेतलं, वर कॅनमधलं पाणी ओतलं, आणि पातेल्यात पांढरंफेक दही झालं.

साडू दह्याकडे बघत राहिले. मग बोटानं कॅनमधलं पाणी चाखलं. खारं. मिठानं दूध नासावं तशी सगळी चांदी नासली होती.

तेवढ्यात सासूबाई पदराला हात पुसत आल्या. "जावईबापू, पानी पुरलं न्हवं? क्यान अर्धाच दिसला, म्हनून मीच बोअरचं भरून ठिवलं."

या बाईंनी जन्मात कुणाचं भांडं रिकामं धाडलेलं नाही. लाडवाचा डबा गेला तर शेंगा भरून परत येतो. आता पिंपळीचा बांध फुटणार म्हणून मी कानांवर हात ठेवणार, तोच साडू म्हणाले,

"पुरलं की, मामी. उरलं बी."

त्या आत गेल्यावर मी कुजबुजलो, "अहो, सांगा की त्यांना!"

"सांगितलं तर उद्यापासनं पाहुण्याच्या भांड्याला हात लावायला भितील. यंत्राची पाळी येईल परत."

"आणि निवृत्ती?"

"ती बी येईल," साडू म्हणाले, आणि पातेलं घासायला बसले.

निघताना सासूबाईंनी कॅन पुन्हा काठोकाठ भरून दिला. इंदापूर मागं पडल्यावर मी गाडी कडेला घेतली. "ओता आता इथं." साडूंनी कॅन उचलून मांडीवर घेतला. पिंपळी आली तरी कॅन त्यांच्या मांडीवरच होता, आणि वळणावर पाणी हिंदकळलं की ते दोन्ही हातांनी सावरून धरत होते.